बंद दुकानापुढं कोणी भाव करत नाही

याकोबमामा, आधी मार्थामामींचं नाव घेतो, तुमचं नंतर. तुम्हाला राग येणार नाही हे ठाऊक आहे. कोणी तुमचं कौतुक केलं की तुम्ही बोट मामींकडं करायचा. रेडिएशनच्या शेकाच्या दिवसांत माझा घसा आतून सोलून निघाला होता, पाणी गिळलं तरी डोळ्यांना धारा लागायच्या, तेव्हा ज्वारीची आंबील दोनदा गाळून मला घोट घोट पाजली ती मामींनी. चिकलठाण्याच्या खोलीत मी तापानं पडलो, कामावर गेलो नाही, तेव्हा सलीमभाईंची रिक्षा घेऊन दारात उभ्या राहिल्या त्या मामीच. माझी माय इथून लांब, देगलूरच्याही पलीकडं. गावी पोचायला अख्खा दिवस एसटीत जातो. इतक्या मोठ्या शहरात "जेवलास का?" विचारणारं दार एकच होतं, हर्सूलचं, तुमचं. ते दार उघडायच्या मामी.

म्हणून आधी मामी. आता तुम्ही.

तुम्ही गेलात. एवढं लिहायलाच मला सकाळपासून जमत नव्हतं. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून सहीशिवाय कागदाशी माझा फारसा संबंध आला नाही. पास्टर म्हणाले, मंडळीच्या मासिकात याकोबभाऊंवर तू लिही. मी म्हणालो, मला कुठं येतं लिहायला? ते म्हणाले, "त्यांच्याशी बोलतोस तसंच लिही." बोलतोस, असं म्हणाले ते. बोलायचास, नाही. घरी येईपर्यंत मला तेवढंच ऐकू येत राहिलं.

खरं तर तुमच्याशी बोलणं म्हणजे बघणं होतं. तुमचा आवाज मी कधी ऐकलाच नाही.

आपण भेटलो तेव्हा तो काढून टाकलेला होता. कॅन्सरच्या दवाखान्यात शेकाच्या खोलीबाहेर बाकडी आहेत, त्यातल्या शेवटच्या बाकड्यावर तुम्ही बसलेले. मानेला भोक, त्यात नळी, नळीवर ओला रुमाल. माझ्याही घशातच गाठ होती, पण डॉक्टर म्हणाले होते की लवकर सापडली, शेकानं भागेल, कापायची गरज नाही. आणि समोर कापलेला माणूस. मी तोंड फिरवून दुसरीकडं बघायला लागलो. आत भिंतीवर एकेकाच्या तोंडाचे जाळीचे साचे टांगलेले दिसत होते. शेक देताना मान हलू नये म्हणून तोंडावर घट्ट बसवतात ते. नाक, हनुवटी, सगळं हुबेहूब, फक्त आत माणूस नाही. तिथं बघण्यापेक्षा तुमच्याकडं बघणं बरं, असं वाटून मी परत वळलो.

तुम्ही मामींना काहीतरी सांगत होता. नुसते ओठ हलत होते. मामी पिशवी उपसत होत्या. "पाणी पाहिजे? पंखा लागतोय का? लघवीला जायचं का?" प्रत्येक प्रश्नाला तुम्ही कपाळावर हात मारून घेत होता. शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

"मामी, ते म्हणतायत, चष्मा पिशवीत नाही, तुमच्या डोक्यावर आहे."

मामींनी डोक्याला हात लावला. मग माझ्याकडं बघितलं, भूत बघावं तसं.

"तुला कसं कळलं रे?"

मी सांगितलं. आमच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमध्ये, मशिनी अशा धडधडतात की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. सगळे तोंडं बघूनच बोलतो. कोण तंबाखू मागतंय, कोण सुपरवायझरला शिव्या देतंय, पलीकडच्या लाईनीवरून कळतं. नवा माणूस बोंबलून बोंबलून दमतो, जुना नुसते ओठ हलवतो.

"देवानंच धाडला तुला," मामी म्हणाल्या. तुम्ही काहीतरी म्हणालात. मामी लगेच, "काय म्हणतेत? काय म्हणतेत?"

"म्हणतात, आता घरातलं भांडण बरोबरीचं व्हईल."

मामी इतक्या हसल्या की खिडकीतून सिस्टर बाहेर डोकावली. आणि तुम्ही हसलात. तुमच्या हसण्याला आवाज नव्हता, फक्त मानेवरचा रुमाल फडफडला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला भीती वाटली होती. आता तो रुमाल मला जागोजागी दिसतो. खिडकीचा पडदा हलला तरी.

मग मी तुमच्या घरचाच झालो. तुमचा शेक संपला, माझा संपला, माझा आवाज घोगरा का होईना जागेवर राहिला, तरी रविवारी हर्सूलला यायचं सुटलं नाही. दवाखान्यानं तुम्हाला गळ्याला लावून बोलायचं मशीन दाखवलं होतं. तुम्ही एकदाच लावून बघितलं. मामी म्हणाल्या, "डब्यात भुंगा कोंडल्यागत वाटतंय, घरात नको." तुम्ही ते परत केलं, आणि मशीन झालो मी. तुम्ही ओठ हलवायचा, मी मोठ्यानं सांगायचो. भाजी खारट झाली की तुम्ही जे म्हणायचा ते मी जरा साखर लावून सांगायचो. मामींनी ते दुसऱ्याच रविवारी पकडलं.

"इतकं गोड बोलणारा माणूस नाय हा. खोटं सांगू नको, दान्या. शब्दाला शब्द सांग."

तुम्हीही दटावलंत. "शिवी बी सांग."

सलीमभाई तुम्हाला दवाखान्यात न्यायचे-आणायचे, ते म्हणायचे, "मामा जइसा पॅसिंजर नइ देखा भई. एक बी बार नइ बोलता, आहिस्ता चलाव." तुम्ही मागून त्यांच्या पाठीत बुक्की घालायचा. मी सांगायचो, "सलीमभाई, मामा बोल रहे, आहिस्ता चलाव."

लोकांकडून कळत गेलं की तुमचा आवाज कसा होता. पिशोरच्या बाजारात आडतीवर तुम्ही हर्राशी बोलायचा, भुसाराच्या लिलावात भाव पुकारायचा, आणि म्हणे चार आडती सोडून बसलेल्या माणसाला चहा पिता पिता मक्याचा भाव कळायचा. कापणीच्या सणाला लोक देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पहिली कणसं, कोंबडी, भोपळा आणून वाहतात आणि मग त्याचा लिलाव होतो, तोही तुम्हीच पुकारायचा. एका भोपळ्याला तुम्ही असा चढवला होता की घेणारा घरी जाऊन बायकोच्या शिव्या खात बसला. सगळ्यांकडं तुमच्या आवाजाची गोष्ट होती. मला मात्र प्रत्येक वेळी समजायला वेळ लागायचा की हे आपल्या याकोबमामांबद्दल बोलतायत. कारण माझ्या डोक्यात तुमचा वेगळा आवाज तयार झाला होता. ओठ बघता बघता मी तो मनानंच घातला होता. जरा खर्जातला, माझ्या वडलांसारखा.

रविवारी तुमच्या घरी मंडळीतले लोक प्रार्थनेला जमायचे, त्या घरसभेत एक गोष्ट मात्र तुम्ही मला कधी करू दिली नाही. पाळीपाळीनं प्रार्थना व्हायची. पास्टरांपासून सुरू, मग भिंतीच्या कडेनं एकेक जण, डोळे मिटून, मोठ्यानं. पहिल्यांदा तुमचा नंबर आला तेव्हा पास्टर म्हणाले होते, "दानियेल, तू सांग ना, ते काय म्हणतात ते." तुम्ही पंजा वर केलात. नाही. मग तुमच्या नंबराला खोली गप्प बसायची. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि ऐकू यायचा फक्त नळीतून आत-बाहेर जाणारा वारा. संपलं की तुम्ही बोटाच्या पेरानं फरशी वाजवायचा, टकटक, आणि सगळे आमेन म्हणायचे.

मी समोर दाराशी बसायचो. एका रविवारी तुमचं संपेचना. मला वाटलं, काही झालं तर नाही? मी डोळे उघडले. तुमचे ओठ हलत होते आणि मला ते वाचता येत होते. वाचायचं नाही असं ठरवून काही होत नाही, मामा. समोर पाटी दिसली की ती वाचलीच जाते.

तुम्ही म्हणत होता, "रिबूचं लग्न बघू दे." रिबू म्हणजे तुमची नात, तेव्हा दहावीला होती. थोडं थांबून, "बरं, लग्न राहू दे. बारावी होऊ दे." परत थांबून, मान जराशी वाकडी करून, समोरचा काय म्हणतोय ते ऐकल्यासारखं करून, "बरं, ते बी नको. तिचा दहावीचा निकाल." आणि मग, टकटक.

सगळे आमेन म्हणाले. मी म्हणू शकलो नाही.

पुढच्या रविवारीही डोळे उघडे राहिले. त्याच्या पुढच्याही. निकाल लागला, रिबू पास झाली, पेढे वाटले, आणि रविवारी तुम्ही परत सुरुवात केली, आता "कापणीचा सण बघू दे" इथपासून. तोवर आजार छातीत उतरला होता. तुमचा आकडा खाली खाली येत होता. हर्राशीत भाव चढतो, तुमचा उतरत होता. मला घरी गेल्यावर जेवण जायचं नाही. मी लहानपणापासून ख्रिस्ती आहे, पण आमच्या गावात पास्टर महिन्यातून एकदा यायचे. मला एवढंच ठाऊक होतं की देवापुढं मान खाली घालायची आणि तुझी इच्छा पूर्ण होवो म्हणायचं. मी तेवढंच म्हणत आलो होतो. गाठ निघाली तेव्हाही तेवढंच.

आठवतं ना, दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्याशी मी तुम्हाला विचारलं? मामी औषधाच्या रांगेत होत्या.

"मामा, एक विचारू? देवाशी भाव करतात का?"

तुम्ही कप खाली ठेवलात. मला वाटलं आता चापट बसणार.

"बघतोस व्हय रे डोळे उघडून?"

"चुकून दिसलं."

"मग कोणाशी करू भाव?" तुम्ही म्हणालात. "डॉक्टरशी? ते एकदाम वाले."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, मामा, याला विश्वास नाही म्हणत. विश्वास म्हणजे तो देईल ते घेणं.

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी इथं शब्दाला शब्द लिहितो, साखर न लावता. "लेका, मी बाजारात जल्म काढला. बंद दुकानापुढं कोणी भाव करत नाय. मी भाव करतो म्हणजे आत मालक बसलाय. तू येतो, दुकानाच्या पायरीला पाया पडतो आन् निघून जातो. आत कोणी हाय का, हे बी बघत नाय. मागायला भितोस."

"मागितलं आणि नाही दिलं तर?"

"तर भांडता येतं. न मागणाऱ्याला भांडता बी येत नाय."

"भांडून काय मिळतं पण?"

तुम्ही बोट वर केलंत, थांब, सांगतो. आणि खोकला आला. नळीतून तो असा उसळायचा की आजूबाजूचे लोक सरकायचे. मामी रांग सोडून धावत आल्या, नळी साफ केली, रुमाल बदलला. तोवर सलीमभाईंनी रिक्षा आणली. तुमचं बोट वर होतं, तसंच मनात राहिलंय माझ्या. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही परत कधी दिलं नाही, आणि मी विचारलं नाही. माझी सवयच ती. वाटलं, पुढच्या रविवारी.

पुढचे रविवार थोडेच होते. त्यातल्या शेवटच्याला मी आलो नाही. का, ते तुम्हाला कळलं नाही, म्हणून आता सांगतो.

माझी गाठ परत आली होती. डॉक्टर म्हणाले, आता शेक देऊन भागणार नाही, स्वरयंत्र काढावं लागेल. कागद हातात घेऊन मी बाहेर आलो ते सरळ मध्यवर्ती बसस्टँडवर जाऊन बसलो. रविवारीही तिथंच. नांदेडची गाडी लागायची, सुटायची. मी चढत नव्हतो, उठतही नव्हतो. मरणाचं भय होतंच, पण त्याहून वेगळं एक होतं. माझ्या मायला अक्षर येत नाही. तिच्याकडं साधा बटणाचा फोन आहे, शेजारणीनं लावून दिला की बोलते. मी "हां माय" म्हटलं की नुसत्या आवाजावरून सांगते, आज उपाशी आहेस, आज चिडलेला आहेस. माझं गाव म्हणजे तिच्या कानातला माझा आवाज, मामा. तोच गेला तर मी इथं नुसता एक माणूस उरतो, कुठूनच न आलेला.

तुम्हाला बघायला यायचं धाडस झालं नाही. तुमच्या मानेत मला माझी मान दिसली असती.

आणि बुधवारी मामींचा फोन आला.

मातीच्या वेळी मी पेटीला खांदा दिला. नंतर मांडवात लोक बसले, तेव्हा कोणीतरी मोबाईल काढला आणि म्हणालं, याकोबभाऊंचा जुना आवाज आहे माझ्याकडं, कापणीच्या सणाचा. लोक जवळ सरकले. आणि आवाज आला, उंच, पातळ, खणखणीत, हसरा. भोपळ्याला काय तरी म्हणत होता आणि मागं माणसं हसत होती. मांडवातले लोक रडायला लागले. मी चक्रावलो. तो कोणीतरी परका माणूस होता. खर्जातला नव्हता, माझ्या वडलांसारखा नव्हता. ज्याच्याशी मी इतके रविवार बोललो तो कोण होता मग? सगळे तुम्हाला ओळखत होते, आणि मीच एकटा मांडवात चुकून शिरल्यासारखा बसलो होतो. अजून तसंच आहे. लिहिताना तुमचे शब्द येतात, पण आवाज कुठला लावू ते कळत नाही. एकदा तो येतो, एकदा हा. कारखान्यात मशिनीच्या गदारोळात समोरच्या लाईनीवर कोणी ओठ हलवले की मी आधी तुम्हालाच बघतो, मग तो माणूस दिसतो.

घरसभा मामींनी बंद पडू दिली नाही. म्हणाल्या, हितंच बसायचं. तुमची जागा मात्र कोणी घेतली नाही. प्रार्थना भिंतीच्या कडेनं सरकत आली. मामींनी केली, आमेन झालं. पुढं तुमची जागा. तिच्या पलीकडच्या माणसानं सुरू करायचं होतं. तो गप्प. सगळेच गप्प. कोणी ठरवलं नव्हतं, पण खोली तुमच्यासाठी थांबली होती. मी कान देऊन बसलो. वारा नव्हता. आणि मग कळलं की फरशी आता कोणी वाजवणार नाही. हे कसं संपवायचं ते कोणालाच येत नव्हतं. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी बाहेर कोणाच्या तरी दुचाकीचा हॉर्न वाजला, पास्टर दचकून "आमेन" म्हणाले आणि बायका रडायला लागल्या.

लोक पांगले. मी निघालो तर मामी म्हणाल्या, "दान्या, बस. एक विचारायचंय. तुझी जागा समोरची. तुला त्यांचं बोलणं कळायचं. प्रार्थनेत ते काय म्हणायचे रे?"

मनात आलं, हिला कसं सांगू की तुझा नवरा आयुष्याचा भाव करत करत गेला, आणि सौदा पटला नाही? चांगली आठवण घेऊन बसलेली बाई. मी म्हणालो, "मामी, उपकार मानायचे. देवाचे उपकार."

मामी म्हणाल्या, "व्हय का? मग उपकार मानताना रिबूचं लग्न कशाला काढायचे?"

मी फरशीकडं बघायला लागलो.

"परत साखर लावतो का रे मला?"

"तुम्ही... तुम्हाला कसं कळलं? डोळे तर सगळ्यांचे मिटलेले..."

"मी डोळे मिटून कसं चालंल? नळीत कफ अडकला असता म्हंजे? समदे देवाकडं बघतेत, एकीनं तरी माणसाकडं बघावं का नाय?" मग म्हणाल्या, "तुझ्यासारखं समदं नव्हतं कळत. पण नवऱ्याच्या तोंडात नातीचं नाव आल्यालं कळतं की. आन् दर हप्त्याला तेच तेच म्हणल्यावर आंधळ्याला बी वाचता येईल."

"मग तुम्हाला वाईट नाही वाटलं? देवाशी असा भाव..."

"त्याला दुसरी कोणती भाषा येत व्हती? हर्राशीचा माणूस. मला मागणी घालायला आला तवा बी माझ्या बापाशी लग्नाच्या तारखेवरून भाव केला त्यानं." मामी हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

मग त्यांनी मला शेवटच्या रविवारचं सांगितलं. तुम्हाला उशा लावून बसवलं होतं. नंबर आला. ओठ फार हळू हलत होते. मामी अगदी जवळ तोंड नेऊन बघत होत्या. "म्हणले, आज काय घेत नाय. बसायला आलोय. दोनदा म्हणले. मंग नुसते बसले. फरशी बी वाजवली नाय. मीच हात धरून वाजवली."

मला अर्थ लागला नाही. मामींनी समजावलं. पिशोरला बाजार उठला की तुम्ही आडतीवर जायचा. माल नाही, भाव नाही, काम नाही. शेठ गादीवर जरा सरकून तुम्हाला जागा द्यायचा आणि दोघं रस्त्याकडं बघत बसायचे.

"मामी, नक्की तसंच म्हणाले?"

"नक्की कसं सांगू बाबा? मला जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. तू असतास तर नक्की कळलं असतं."

त्यांनी ते टोचायला म्हटलं नव्हतं. पण मामा, ते मला टोचतंय आणि टोचत राहणार. तुमचं शेवटचं बोलणं वाचू शकणारा माणूस त्या वेळी बसस्टँडवर बसला होता. तुम्ही खरंच तसं म्हणालात का? का मामींनी, मी तुमचा आवाज मनानं घातला तसे, शब्द मनानं घातले? भांडून काय मिळतं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं का? कधी वाटतं, होतं. भाव करून करून माणूस मालकाच्या इतक्या ओळखीचा होतो, की एक दिवस नुसतं बसायला जाता येतं. कधी वाटतं, मला पाहिजे म्हणून मी ते असं लावतोय. तुमचं वर केलेलं बोट काही खाली येत नाही.

तेव्हा मी मामींना माझं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. गाठ, ऑपरेशन, माय, बटणाचा फोन. मामी रडल्या नाहीत. "कवा धरलंय आप्रेशन?" विचारलं. मग म्हणाल्या, "ओठ हलव बघू. आवाज काढू नको."

"आता?"

"आताच. मला जमतंय का बघू दे."

मी आवाज न काढता म्हणालो, भीती वाटते.

"वाटणारच," मामी लगेच म्हणाल्या.

आणि मग, "माय फोन करंल तवा तू हितं यायचं. तू ओठ हलवायचे, मी फोनवर सांगते. दोन शब्द चुकले तर चुकले. ती माय हाय, तिला कळंल."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून माझ्या मायला फोन लावून घेतला. आधी मी बोललो, सगळं खरं सांगितलं. मग माय म्हणाली, "त्या बाईला दे." मामींनी फोन घेतला. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, मामींची पाठ माझ्याकडं होती आणि पाठ वाचता येत नाही. फोन ठेवून मामी म्हणाल्या, "ती इचारती, तुमी बोलाल तर त्याच्यावानी बोलाल का तुमच्यावानी? मी म्हणलं, बाई, शिकते."

गेल्या रविवारी माझा नंबर आला, मामा. तुझी इच्छा पूर्ण होवो, हे तोंडाशी आलं होतं. ते गिळलं. आणि मी मागितलं. ह्या घोगऱ्या आवाजात, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आधी सगळा आवाज मागितला. मग अर्धा. मग मायच्या कानापुरता. खाली खाली येताना मध्येच मला राग आला आणि मी थोडा भांडलोसुद्धा. पास्टरांनी खोकल्यासारखं केलं. मी थांबलो नाही. आत कोणी आहे की नाही ते मला अजून माहीत नाही, तुमच्याइतकं पक्कं तर नाहीच. पण पायरीवरून उठून मी दारापर्यंत गेलो, एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

येत्या आठवड्यात दवाखान्यात भरती व्हायचंय. सलीमभाई नेणार आहेत. नंतर काही दिवस हर्सूललाच राहायचं, असं मामींनी ठरवून टाकलंय, मला न विचारता. तुमच्या नळीचे ब्रश धुऊन उन्हात घातलेत, पण म्हणाल्या, तुझ्यासाठी नवे आणू.

त्या परत घरसभेत डोळे उघडे ठेवून बसणार, आता माझ्या मानेकडं बघत. तुम्ही आजारी पडल्यापासून त्या बाईनं एकदाही डोळे मिटून प्रार्थना केलेली नाही, मामा, आणि कोणाला ते कळलं नाही. हे मी फेडणार आहे. नळी माझी मला साफ करता यायला लागली, कफ कधी अडकेल ते माझं मला ओळखता यायला लागलं, की एका रविवारी नंबर येण्याआधी मी त्यांच्याकडं वळून ओठ हलवीन. त्यांना ते नक्की वाचता येईल.

मामी, आज तुम्ही मिटा.